लेझरचं ‘कायमचं’ म्हणजे किती वर्षं?

गेल्या आठवड्यात भाचीने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. दादर स्टेशनच्या पुलावर हातात कोंबतात तसलं चकचकीत पत्रक. ‘अनावश्यक केसांपासून कायमची सुटका! फक्त सहा सिटिंग!’ खाली एक बाई, जिच्या अंगावर जन्मापासून एकही केस उगवला नसावा. आणि भाचीचा प्रश्न : ‘मावशी, तू केलं होतंस ना? खरंच कायमचे जातात का गं?’

तिचं डिसेंबरात लग्न आहे. मी लेझर केलं त्याला नऊ वर्षं झाली. एका ओळीत उत्तर द्यायला बसले आणि जमेना. कारण माझ्या काखेला विचारलं तर उत्तर ‘हो’, पोटऱ्यांना विचारलं तर ‘बऱ्यापैकी’, आणि हनुवटीला विचारलं तर ‘छे’. बाई एकच, यंत्र एकच, मग असं का? ते तिला समजावताना मेसेज इतका लांबला की म्हटलं, नीटच लिहून काढू.

आधी त्या ‘कायमच्या’ शब्दाचा निकाल लावू. अमेरिकेत औषधांना आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणारं खातं म्हणजे एफडीए. ते लेझर यंत्रांच्या कंपन्यांना ‘केस कायमचे जातात’ असं म्हणू देत नाही. ‘केसांची संख्या कायमस्वरूपी कमी होते’ एवढंच म्हणू देतं. त्यातही अट आहे : ठरलेली सगळी सिटिंग संपल्यावर जितके केस परत उगवतात, तो आकडा केसांच्या वाढीच्या एका पूर्ण चक्राहून जास्त काळ स्थिर राहिला पाहिजे. हे चक्र अंगाच्या भागानुसार चार ते बारा महिन्यांचं धरलं जातं. म्हणजे काही केस परत येणार हे व्याख्येतच धरलेलं आहे. इंग्रजीतलं ते ‘रिडक्शन’ मराठी पत्रकावर येईतो ‘सुटका’ झालेलं असतं. मधल्या कुठल्या स्टेशनवर गाडी बदलली कोण जाणे.

आता यंत्र नेमकं करतं काय ते बघू. मे महिन्यात स्टेशनबाहेर उन्हात दोन स्कूटर लावलेल्या आहेत असं समजा. एकीची सीट काळी, दुसरीची पांढरी. संध्याकाळी काळीवर बसणारा ओरडतो, पांढरीवरचा निमूट निघून जातो. लेझरचा सगळा कारभार या काळ्या सीटवर चालतो. केसात मेलॅनिन नावाचं काळं द्रव्य असतं, ते प्रकाश पितं आणि तापतं. आजूबाजूच्या कातडीत ते कमी असेल तर ती कमी तापते. ही कल्पना अमेरिकेतल्या बॉस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या त्वचातज्ज्ञांनी १९८३ साली मांडली, तेव्हा लेझरचा शोध लागून तेवीस वर्षं झाली होती. त्यांनी आणखी एक बारकी गोष्ट सांगितली होती, ती कुठल्याही स्वयंपाकघरात कळते. फोडणीची पळी गॅसवरून उतरवली की लगेच निवते, भाताचं पातेलं मात्र कितीतरी वेळ गरम राहतं. कातडीचा वरचा पातळ थर म्हणजे पळी, जाड केसाचं मूळ म्हणजे पातेलं. प्रकाशाचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच मारला, तर कातडी उष्णता सोडून मोकळी होते आणि केस ती धरून बसतो. यंत्राच्या टोकाला जो गारेगार काचेचा तुकडा असतो, तो पळी आणखी लवकर निवावी म्हणून.

आपली अडचण अशी, की आपल्याकडे काळी सीट बहुतेक वेळा डांबरी रस्त्यावरच उभी असते. त्वचेच्या रंगाचे डॉक्टर सहा प्रकार करतात, सर्वांत गोरी पहिली, सर्वांत गडद सहावी. आपण बहुतेक भारतीय तिसऱ्या ते पाचव्यात बसतो. आपल्या कातडीतही मेलॅनिन भरपूर असतं, तेही तापतं. म्हणून आपल्याकडे जास्त लांब तरंगलांबीचे लेझर बरे : ८१० नॅनोमीटरच्या आसपासचा डायोड किंवा १०६४ चा एनडी-याग. हा दुसरा कातडीत खोल जातो आणि वाटेतल्या मेलॅनिनला कमी छेडतो. ७५५ चा अलेक्झांड्राइट गोऱ्या कातडीवर झकास काम करतो, गडद कातडीवर जपून वापरावा लागतो. आणि ‘आयपीएल’ म्हणून जे विकतात ते लेझर नाहीच, तो अनेक तरंगलांबींचा मिसळ झोत आहे. पॅकेज घेताना यंत्राचं नाव विचारलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. जरूर विचारावं.

पांढऱ्या केसाला यातलं काहीच लागू नाही. पिऊन तापायला त्यात रंगच नाही. पन्नाशीनंतर हनुवटीवर पांढरे केस आले म्हणून लेझरचं पॅकेज विकणारा तुमची शुद्ध फसवणूक करतोय.

आता जरा खोलात. वर दिसतो तो केस मेलेलाच असतो, त्याला जाळून काही साधत नाही. नवा केस घडवणाऱ्या पेशी मुळाशी आणि मुळाच्या थोडं वर, कडेला दडलेल्या असतात. वरच्या त्या पेशी स्वतः काळ्या नसतात. तापतो तो केस, आणि त्याची धग तिथवर पोचली तरच त्या मरतात. म्हणून त्या वेळी केस मुळात घट्ट उभा असावा लागतो. आदल्या दिवशी रेझर फिरवून गेलात तर चालतं, उलट फिरवूनच जायचं असतं. पण वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग केलं असेल तर केस मुळासकट गेला, धग नेणारा निरोप्याच नाही. म्हणून आधीचे चार-सहा आठवडे उपटाउपटी बंद. माझ्या पहिल्या सिटिंगच्या दहा दिवस आधी मी वॅक्स करून गेले होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिथे विचारलंही नाही. ते सिटिंग फुकट गेलं असं मी म्हणते, पैसे मात्र फुकट नव्हते घेतले.

सहा-आठ सिटिंग का लागतात? माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत होते. गिरणीत तीन पाळ्या. दुपारी कुणी दारात उभं राहून म्हटलं, ‘सगळे कामगार मोजतो’, तर दिवसपाळीचे सापडतील. रातपाळीचे तेव्हा घरी झोपलेले. केसांचंही तसंच. प्रत्येक मूळ काही काळ वाढतं, मग आटोपतं घेतं, मग विसावा घेतं आणि पुन्हा वाढायला लागतं. लेझरच्या तावडीत नीट सापडतं ते फक्त वाढीच्या पाळीतलं. डोक्यावरचे बहुतेक केस कायम कामावर असतात. पायांवरचे बरेचसे कायम सुट्टीवर. म्हणून चेहऱ्याला साधारण महिन्या-दीड महिन्याने बोलावतात आणि पायांना दोन-दोन महिन्यांनी. ‘दर पंधरा दिवसांनी या, लवकर संपवू’ म्हणणारा लवकर पॅकेज संपवतोय, केस नव्हे.

सिटिंग झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत काळे ठिपके वर येतात. केस उगवलेसे वाटतात, पण ते मेलेले केस बाहेर ढकलले जात असतात. स्क्रबरने हलकं चोळलं की हातात येतात. मग सुरू होतो तो काळ, ज्यात प्रत्येक जण लेझरच्या प्रेमात पडतो. कातडी गुळगुळीत, वाटतं झालंच. पण त्यातली कितीतरी मुळं मेलेली नसतात. तापल्याने हादरून वेळेआधी सुट्टीवर गेलेली असतात. काही महिन्यांनी हजर होतात. म्हणून तिसऱ्या महिन्यात काढलेला ‘आधी-नंतर’चा फोटो बघून कुणीही हुरळू नये. खरा निकाल शेवटच्या सिटिंगनंतर वर्षभराने लागतो.

या वर्षानंतरचं काय, ते १९९८ साली छापून आलेल्या एका छोट्या अभ्यासात छान दिसतं. जुन्या रुबी लेझरचा एकच मारा तेरा जणांवर करून, त्यातल्या सात जणांना पुढे दोन वर्षं पाहिलं होतं. चार जणांचे केस दोन वर्षांनीही ठळकपणे कमी होते, बाकीच्यांचे आले. आणि जिथे कमी होते तिथे लवीसारखे बारीक केस वाढलेले होते. म्हणजे मूळ नेहमी नष्ट होतंच असं नाही, कधी ते आक्रसतं आणि दोऱ्याऐवजी सूत काढायला लागतं. माझ्या पोटऱ्यांवर हेच झालं. मोजायला बसले तर केस आहेत, हाताला लागत नाहीत, दोन फुटांवरून दिसत नाहीत. मला एवढं पुरतं.

पुढे यंत्रं सुधारली, एकाऐवजी अनेक सिटिंगची पद्धत आली. तरी २००६ साली कॉक्रेन या संस्थेने तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अलेक्झांड्राइट आणि डायोडसाठी सहा महिन्यांपर्यंत साधारण निम्मे केस कमी होतात एवढंच खात्रीने म्हणता आलं. त्यापुढे वर्षानुवर्षं काय होतं याचा भक्कम पुरावा तेव्हा फारच थोडा होता. चांगल्या हातांत, आठ सिटिंगनंतर त्याहून बरं होतं हे मी माझ्याच काखेत पाहिलंय. पण ‘नव्वद टक्के, आयुष्यभर, गॅरंटी’ असं कुणी लिहून देत असेल तर ते कागदावरच चांगलं दिसतं.

आता हनुवटी. माझं सगळ्यात जास्त बोलणं हिच्याबद्दल आहे, कारण सगळे गैरसमज इथेच आहेत.

आपल्याकडे तान्ह्या बाळाला आजी पिठाच्या गोळ्याने चोळते. लव जावी म्हणून. ती एरवीही गळणारच असते, श्रेय गोळ्याला मिळतं. पण अंगभर जी लव उरते ती शेवटपर्यंत असते, आणि तिचं प्रत्येक मूळ म्हणजे राखीव दलाचा शिपाई. जन्मानंतर नवी मुळं तयार होत नाहीत. चाळिशीत हनुवटीवर जो राठ काळा केस येतो, तो तिथेच इतकी वर्षं लव म्हणून बसलेला असतो. त्याला बढती देतात ती अँड्रोजेन नावाची संप्रेरकं. ही बायकांच्या अंगातही असतात, थोडी. हनुवटी, ओठांवरची जागा, गळा, छाती, बेंबीखालची रेघ, या जागांची मुळं त्यांचं फार ऐकतात. पोटऱ्यांची त्या मानाने कमी ऐकतात. काखेतल्या केसांना बढती वयात येतानाच मिळून जाते, पुढे तिथे नवी भरती फारशी नसते.

आता लेझरचा नियम आठवा : काळं असेल तरच तापतं. लव फिकी आणि बारीक, तिला लेझर शिवतच नाही. म्हणजे हनुवटीवरचे आजचे पंचवीस राठ केस उडाले तरी शेजारचे शेकडो शिपाई जागच्या जागी. बाळंतपण, रजोनिवृत्ती, वजन वाढणं, काही औषधं, किंवा मुळातच पीसीओडी (हॉर्मोन आणि पाळी, दोन्ही बिघडवणारा बायकांचा विकार) असेल, तर त्यातल्यांना बढत्या मिळतच राहतात. बाई म्हणते, ‘लेझर फेल गेलं, केस परत आले.’ ते परत आलेले नसतात, नवे आलेले असतात. आरशापुढे उभं राहिल्यावर या फरकाने काही दिलासा मिळत नाही, हे मला माहीत आहे. पण पुढे काय करायचं ते मात्र यावरच ठरतं. पीसीओडी असताना नुसतं लेझर म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे जाऊन नळ जरा बंद केला, तर पुसलेली लादी टिकते. माझं हे निदान लेझरच्या चौथ्या सिटिंगनंतर झालं, तेही मीच गूगल करून डॉक्टरांना विचारलं म्हणून. पहिल्या दिवशी ‘पाळी नियमित येते का?’ एवढं कुणी विचारलं असतं तरी पुरे होतं.

पुरुषांनाही हेच लागू. हल्ली पाठीचं आणि दाढीच्या कडेचं लेझर करायला मुलगे सर्रास येतात. पण पुरुषाच्या पाठीवर आणि खांद्यांवर केसांची भरती पस्तिशी-चाळिशीपर्यंत चालूच असते. बाविसाव्या वर्षी केलेली पाठ चाळिसाव्या वर्षी तशीच राहील असं धरू नये. शेव्हिंगनंतर ज्यांच्या मानेवर केस आत वळून सतत केसतोड होतात, त्यांना मात्र लेझरचा खरोखर आराम पडतो. तिथे केस बारीक झाले तरी काम झालं.

आणि एक उलटा प्रकार, जो पत्रकावर कधीच नसतो. काही जणींना लेझरनंतर केस कमी न होता वाढतात. बहुतेक चेहरा, जबडा आणि मान इथे, आणि आपल्यासारख्या किंवा पश्चिम आशियातल्या सावळ्या, काळ्याभोर केसांच्या लोकांत जास्त दिसलेलं आहे. मूळ मरेल इतकी धग पोचत नाही, पण जागं होईल इतकी पोचते, असा त्याचा एक खुलासा देतात. मला हनुवटीचंच करायचं होतं. ‘मॅडम, थोडेच जास्त पडतील, फुल फेस घ्या ना’ असं काउंटरवरच्या मुलीने म्हटलं आणि मी घेतलं. गालांवर नुसती लव होती, तिला हात लावायचं काही कारणच नव्हतं. वर्षभरात कानापासून जबड्यापर्यंत ती काळपट दिसायला लागली. तक्रार केली तर मला आणखी चार सिटिंग निम्म्या दरात देऊ केली. मी दुसरीकडे, त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे जास्त जोराचा झोत नीट मारून बराचसा निस्तरला. त्या डॉक्टरांनी सांगितलेलं मी सगळ्यांना सांगते : लवीवर लेझर मारू नका.

सिटिंग कसं असतं? डोळ्यांवर जाड गॉगल, अंगावर गार जेल, मग टक, टक, टक. प्रत्येक टकला रबर बँड ताणून सोडल्यासारखा चटका. हनुवटीला जास्त लागतं. आणि वास. गॅसवर पापड भाजताना मनगटावरचे केस जळतात ना, अगदी तोच वास. झाल्यावर प्रत्येक केसाभोवती बारीक लाल फुगवटा येतो, काही तासांत किंवा एखाद्या दिवसात बसतो. तो आला म्हणजे धग मुळाशी पोचली. फोड आला, तर जास्त पोचली. सावळ्या कातडीवर भाजल्याचा काळा डाग महिनोन्‌महिने राहू शकतो, म्हणून पहिल्यांदा छोट्या जागेवर मारून बघायला सांगावं. सुन्न करणारं मलम फासून संपूर्ण पाय प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायला कुणी सांगितलं तर ऐकू नये. ते औषध कातडीतून रक्तात जातं, आणि असं करून तरुण मुलींचे जीव गेल्यावर एफडीएने २००७ साली तसा इशाराच दिला होता.

‘पुढे कॅन्सर नाही ना होत?’ हा प्रश्न माझ्या आईचा. तो वेडगळ नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत ‘ट्रायको’ नावाने क्ष-किरणांनी चेहऱ्यावरचे केस काढून द्यायचे. केस गेले, पण पुढे त्या बायकांना जखमा आणि कॅन्सर झाले. लेझर त्या जातीचा नाही. हा दिसणारा किंवा त्याच्या लगतचा अवरक्त प्रकाश आहे, पेशीतल्या डीएनएला तोडण्याइतकी शक्ती त्याच्या अंगात नाही, आणि तो कातडीत काही मिलीमीटरच शिरतो. बीजांडापर्यंत वगैरे जात नाही. गरोदरपणात टाळतात ते सावधगिरी म्हणून. तेव्हा कुणी मुद्दाम प्रयोग करून बघत नाही.

मुंबईत खरा शत्रू ऊन. उन्हाने रापलेल्या कातडीत मेलॅनिन वाढलेलं असतं, म्हणजे डांबर आणखी काळं. गावाहून, समुद्रावरून आल्या-आल्या सिटिंग नको, तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत. मी पावसाळ्यात सुरू केलं होतं, त्याचा फायदा झाला असं वाटतं. सिटिंगच्या दिवशी मात्र संध्याकाळची गर्दीची लोकल टाळा. ताज्या काखा घेऊन लेडीज डब्यात वरची कडी धरून कुर्ल्यापर्यंत उभं राहिल्यावर मला कळलं.

तर नऊ वर्षांचा हिशेब असा. काखेत दोन्हीकडे मिळून दहा-बारा केस, महिन्यातून एकदा रेझर. पोटऱ्यांसाठी पहिली चार वर्षं काही नाही, मग वर्षाला एक टचअप. हनुवटीसाठी गोळ्या चालू होत्या तोवर वर्षाला दोन, आता तीन. ज्यांना हनुवटीचे मोजके आणि त्यातही पांढरे केस असतील त्यांनी इलेक्ट्रोलिसिस बघावं. प्रत्येक मुळात सुई घालून विजेने एक-एक मारायचा. १८७५ साली अमेरिकेतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत वळलेल्या पापण्यांसाठी सुरू केलेली पद्धत, वेळखाऊ आणि कंटाळवाणी. पण ‘कायमचे जातात’ हे एफडीए तिच्याबद्दल म्हणू देतं.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. काखा आणि पाय आताच सुरू कर, डिसेंबरपर्यंत तीन-चार सिटिंग होतील, लग्नात छान दिसेल, उरलेली नंतर चुकवू नकोस. फुल बॉडी नको. गालांना हात लावू देऊ नकोस.

‘आणि हनुवटी?’ ती म्हणाली. ‘मावशी, मला मुख्य तेच करायचंय.’

‘पाळी वेळेवर येते का तुझी?’

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, ‘मागची गुढीपाडव्याला आली होती.’